ठेवतंय

आप्पांचा फोन सहसा मिनिटाच्या वर जात नाही. परवा मोबाइलमधली कॉलची यादी सहज चाळत होते. ४१ सेकंद, ३७ सेकंद, ५२ सेकंद, २९ सेकंद. एकच फोन २ मिनिटं ६ सेकंदांचा निघाला, तो शेजारच्या काकी गेल्या त्या दिवशीचा. त्यातही निम्मा वेळ ते नुसते गप्प होते.

मजकूर ठरलेला. "काय गो, जेवलंस? घरात बरी असत मा सगळी? सई? बरा. ठेवतंय." ते 'ठेवतंय' माझ्या कानात पुरतं शिरायच्या आत फोन ठेवलेला असतो. "हो आप्पा, आणि तुमची ती बीपीची गोळी..." एवढं मी बंद फोनला सांगते.

आप्पा ७९ वर्षांचे, लालबागच्या चाळीत एकटे राहतात. आई गेल्याला सहा वर्षं झाली. मुलुंडला आमच्याकडे या म्हटलं की येतात, चौथ्या दिवशी पिशवी भरतात. माझी मुलगी सई २३ वर्षांची. तिच्या मते आजोबा तिरसट आहेत. आजोबांच्या मते नात शिष्ट आहे. आणि दोघंही आपापली तक्रार माझ्याकडे नोंदवतात, जणू मी कुठल्यातरी खिडकीवर बसले आहे.

गंमत म्हणजे सईचं ऑफिस आप्पांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. करी रोडला उतरायचं, पुलावरून एका बाजूला गेलं की लालबाग, दुसऱ्या बाजूला लोअर परळ. एप्रिलमध्ये गावाहून कुणाबरोबर तरी ओले काजूगर आले. आप्पांनी दुपारी साडेबाराला सईला फोन लावला. सईने तो कापला आणि लगेच लिहिलं, 'आजोबा मीटिंगमध्ये आहे, काय झालं? सगळं ठीक ना?' आप्पा व्हॉट्सअॅप दिवसातून एकदा, संध्याकाळी चहाबरोबर उघडतात, वर्तमानपत्रासारखं. त्यांनी मला फोन केला. "तुझ्या चेडवान फोन उचलूक नाय. काजूगर इलेत. सांग तिका. ठेवतंय." १९ सेकंद.

रात्री सई म्हणाली, "आई, त्यांनी मध्येच कॉल केला. असाच. काही न सांगता."

"आधी काय सांगायचं होतं?"

"कॉल करू का, म्हणून."

"म्हणजे फोन करण्याआधी फोन करायचा?"

"मेसेज करायचा गं."

मी हसले. ती हसली नाही. तिचं म्हणणं असं, की फोन वाजला म्हणजे समोरच्याने हातातलं टाकून आपल्याकडे वळलंच पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. एवढा हक्क कुणावर का दाखवायचा? लिहून ठेवावं, त्याला सवड झाली की तो बघेल. मैत्रिणींशी ती याच पद्धतीने बोलते. स्टेशनच्या जिन्यावरून चढताना सहा-सहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते, त्यात मागून 'पुढील स्थानक' वगैरेही ऐकू येतं. मैत्रीण दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या आधी ते ऐकते आणि आठ मिनिटांचं उत्तर देते. बोलत दोघीही असतात, फक्त एका वेळी नसतात.

मला हे सगळंच पटतं असं नाही. यात सौजन्य आहे तेवढीच पळवाटही आहे, असं माझं मत. गॅसवाल्याला, प्लंबरला, दातांच्या डॉक्टरला सईच्या वतीने फोन मी करते. एकदा तिने पिझ्झावाल्याचा फोन वाजत असताना मोबाइल माझ्या हातात कोंबला होता. तिथे कुणाच्या सवडीची काळजी होती, देव जाणे.

पण आप्पा तिरसट नाहीत, हे तिला कसं पटवायचं, यावर विचार करताना माझ्या लक्षात आलं, की आप्पा जे बोलतात तो त्यांचा स्वभाव नाहीच. तो दर आहे. त्यांच्या काळी एका मिनिटाला जे पडायचं, त्या हिशोबाने त्यांची जीभ एकदा बसली, ती बसलीच.

आमच्या चाळीत फोन नव्हता. फोन होता खाली वाण्याच्या दुकानात, गूळ आणि साबण यांच्या मधल्या फळीवर. त्याचा नंबर अख्ख्या चाळीचा नंबर. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे तोच, पुढे 'पी. पी.' लिहून, म्हणजे फोन दुसऱ्याचा, आम्हाला बोलावून द्या. फोन आला की दुकानातला पोऱ्या चौकात उभा राहून ओरडायचा, "तिसरा माळा, खोली सतराऽऽ, फोन!" खोली सतरा म्हणजे आम्ही. पण गॅलरीत सगळेच यायचे. आई पदर सारखा करत तीन जिने उतरायची, तोवर पलीकडच्याचं मीटर फिरत असायचं. आणि बोलायचं ते वाण्यासमोर, पावशेर डाळ घ्यायला आलेल्या चार बायकांसमोर. अशा फोनवर काय बोलणार? जे चारचौघांत चालेल तेच. बरे आहात? बरे आहोत. पैसे पोचले? पोचले. ठेवते.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यात आप्पा होते. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. पावसाळ्याच्या तोंडावर, बसून खाण्यापेक्षा शेतावर तरी चार हात लागतील म्हणून आप्पा गावी गेले. आईने इथे खाणावळ चालू ठेवली. संपामुळे जेवणारेही निम्म्यावर आले होते. मी तेव्हा पाचवीत होते.

त्या जुलैत आप्पांचा एकदा फोन आला. गावाहून कणकवलीला जायचं, पोस्टात ट्रंक कॉल नोंदवायचा आणि लाइन मिळेपर्यंत बाकावर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार असत, घाई जितकी जास्त तितका दर चढा. आप्पांचा अर्थातच ऑर्डिनरी. दुपारी जेवून आई जी दुकानात जाऊन बसली ती चार वाजेपर्यंत. वाण्याने तिला तांदळाच्या पोत्यावर बसायला दिलं होतं. घंटा वाजली तेव्हा पहिलं मिनिट नुसतं "हॅलो, हॅलो, येतां मा ऐकू?" यात गेलं. दोघंही ओरडत होती, कारण लाइनमध्ये खरखर होती, आणि मला वाटतं, मनात कुठेतरी अंतराचाही हिशोब होता. कणकवली लांब, म्हणून आवाज मोठा. दुसऱ्या मिनिटात लावणी झाली का, पोरांच्या वह्या घेतल्या का. तिसऱ्या मिनिटात ऑपरेटर मध्ये आली आणि संपलंच.

आई वर आली. पोळ्या लाटताना आठवडाभर ती त्याच फोनबद्दल बोलत होती. "काय म्हणाले?" कुणी विचारलं की म्हणायची, "बरा असा म्हणाले." बस, एवढंच. पण ते 'बरा असा' तिने कितीदा आणि किती चवीने सांगितलं, ते मी ऐकलंय.

आप्पा अजूनही मोबाइलवर ओरडतात. सई म्हणते, ते चिडलेत. ते चिडलेले नाहीत गं, ते कणकवलीहून बोलतायत.

हे सगळं सईला सांगत असताना मधेच मला एक गोष्ट आठवली, आणि मी थांबले. आई त्या दुपारी दुकानात आधीपासून जाऊन बसली होती ती का? तिला कसं कळलं? कारण आठवड्यापूर्वी आप्पांचं १५ पैशांचं पोस्टकार्ड आलं होतं. 'बावीस तारखेला दुपारी फोन करीन, वाण्याकडे थांब.'

सईने टाळी वाजवली. "म्हणजे आजोबांनीही आधी मेसेज केला होता!"

"विचारलं नव्हतं त्यांनी. सांगितलं होतं."

"तेही खरंय," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "आजीला त्या दिवशी दुसरं काही काम असतं तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईला त्या दिवशी सहा डबे होते. ते तिने पहाटे उठून उरकले होते.

मी स्वतः कुठल्या दराची, असं विचाराल तर मी मिस कॉलच्या दराची. लग्न ठरलं तेव्हा नवरा प्रशिक्षणासाठी हैदराबादला होता. एसटीडीचा दर रात्री अकरानंतर पाव व्हायचा, म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर अकराला पाच मिनिटं असताना रांग लागायची. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळताना दिसायचे. प्रेमाचं बोलणं त्या आकड्यांकडे बघत बघत करावं लागे. तो म्हणतो, मी आजही फोनवर बोलताना भिंतीकडे बघते. मग मोबाइल आले. १९९५ला देशात सुरू झाले तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. माझ्याकडे तो आला २००१ला. वाजला की आधी नंबर बघायचा, कापायचा आणि जवळचा बूथ शोधायचा. एक रिंग म्हणजे पोचले, दोन रिंगा म्हणजे खाली ये. मे २००३ला येणारे फोन फुकट झाले, पण हाताची सवय गेली नाही. आजही मुलुंड स्टेशनात उतरले की मी नवऱ्याला मिस कॉल देते. तो दर वेळी उचलतो, मुद्दाम. आणि माझा जीव उगीचच एक रुपया गेल्यासारखा चुटपुटतो.

सई १४ वर्षांची असताना, सप्टेंबर २०१६ला, जिओ आलं आणि मिनिटाची किंमत जवळजवळ शून्यावर गेली. पैशांचा दर गेला, तेव्हा तिच्या पिढीने दुसराच दर लावला: समोरच्याचं लक्ष. कंजूष आम्ही तिघंही आहोत. आप्पा पैशाचे, मी रिंगांची, सई लक्षाची.

आप्पांनी घरचा फोन घेतला तो १९९४ला. तोवर ते एका छापखान्यात लागले होते. अर्ज करून सात वर्षं झाली होती. फोन आला त्या दिवशी आईने त्यावर क्रोशाचं झाकण घातलं आणि आप्पांनी डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप. आलेला फोन घेता येई, करायचा तर किल्ली आप्पांकडे. शेजाऱ्यांसाठी मात्र कुलूप केव्हाही उघडायचं. बाजूला एक वही, तिला दोऱ्याने पेन बांधलेलं. ज्याने फोन केला त्याने लिहायचं: तारीख, खोली, किती कॉल, पैसे दिले की द्यायचे. आमच्या खोलीला आता चाळीच्या पी. पी.चा मान आला होता. गॅलरीत उभं राहून "खोली नऊ, फोन!" अशी हाक मारण्याचं काम माझ्या धाकट्या भावाकडे.

मे महिन्यात रंगकामासाठी आप्पांचं कपाट रिकामं करायला आम्ही दोघी गेलो होतो, तेव्हा ती वही सईच्या हाती लागली. ती पंख्याखाली जमिनीवर बसून वाचत होती. 'खोली ४, २ कॉल, २ रु. बाकी.' 'खोली ११, नागपूर, आईची तब्येत, पैसे घेतले नाहीत.' पुढे पानंच्या पानं तसंच. मग अचानक एक पान वेगळं. रकाने नाहीत, पैसे नाहीत, नुसत्या वेळा.

'२६ जुलै. सायं. ७.१०, खोली ९ चा मुलगा, सायन, बसमध्ये. ८.२५, खोली २, चर्चगेट ऑफिसातच थांबणार. ९.४०, आमची, पवई, चालत आहे. ९.५०, मुलुंडला कळविण्याचा प्रयत्न, लाइन नाही. ११.१५, खोली ९ चा मुलगा, दादर. १२.३०, मुलुंड लागला. सई झोपली आहे.'

२००५ची ती रात्र. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात काही जण छत्री घेऊन बाहेर पडले होते आणि काही जण गळाभर पाण्यात होते. मी अंधेरीच्या ऑफिसातून निघून पवईच्या रस्त्याने मुलुंडकडे चालत होते. तीन वर्षांची सई सासूबाईंजवळ. मोबाइल निपचित पडला होता. पवईला एका औषधांच्या दुकानात लँडलाइन चालू होती. बाहेर तीस-चाळीस जणांची रांग, पाणी घोट्यापर्यंत. दुकानदार पैसे घेत नव्हता. रांगेनेच नियम केला होता: एकाने एकच फोन, आणि दोन वाक्यं. माझ्या पुढे एक सूटबूटवाला तरुण होता, बूट हातात धरलेला. त्याने म्हटलं, "मम्मी, ठीक हूँ. रखता हूँ." मागून कुणीतरी गुजरातीत तेवढंच म्हटलं. मुलुंडची लाइन बंद होती म्हणून मी लालबागला लावला. आप्पांनी पहिल्या घंटेला उचलला. "आप्पा, पवईला आहे. बरी आहे." "बरा. चालत रव. ठेवतंय."

त्या रात्री त्या रांगेतलं प्रत्येक माणूस आप्पांसारखं बोललं. आणि त्या 'ठेवतंय'मुळे लाइन पुढच्यासाठी मोकळी झाली, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढे वीस वर्षं मी ते विसरून गेले.

सईने पानाचा फोटो काढला. "आई, हा तर आजोबांचा ग्रुप होता," ती म्हणाली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. 'सई झोपली आहे.'

आणखी एक सांगायचं राहिलं. माझी आजी, आप्पांची आई, गावी असायची. तिच्या लेखी तार म्हणजे मरण. तारवाला वाडीत शिरला की तो कुणाकडे वळतो हे बघत बायका दारात उभ्या राहत. एकदा तो आमच्या खळ्यात आला. गुरुजी येऊन तार वाचेपर्यंत आजीने रडायला सुरुवात केली होती, शेजारणींनी तिला धरलं होतं. तारेत दोनच शब्द होते, 'पास्ड फर्स्टक्लास'. आत्या मुंबईत परीक्षेला बसली होती. आजी तरीही संध्याकाळपर्यंत रडत राहिली, आता सुरू केलंय तर, अशा थाटात. आमच्याकडे हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. तारसेवा १५ जुलै २०१३पासून बंद झाली तेव्हाही आप्पांनी तोच सांगितला होता.

गेल्या हिवाळ्यात सई मैत्रिणीकडे पुण्याला गेली होती. सकाळी साडेसहाला मला मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं झाकण सापडेना. तिनेच आदल्या दिवशी वापरलं होतं. मी फोन लावला. एरवी दहा रिंगांना न उचलणाऱ्या मुलीने पहिल्या रिंगेला उचलला. आवाज झोपेतला नव्हता, घाबरलेला होता.

"आई, कोण गेलं?"

मी झाकणाचं विचारलंच नाही. म्हटलं, "कुणी नाही गं. सहजच." तिने मोठा श्वास सोडला आणि मग माझ्यावर भरपूर चिडली, ते बरोबरच होतं. तिच्या जगात रोजचं सगळं, भांडण, निरोप, वाढदिवस, नोकरी लागली, नोकरी सुटली, हे लिहून कळतं. न सांगता वाजतो तो फक्त वाईट बातमीचा फोन. आप्पांनी दुपारी साडेबाराला काजूगरांसाठी फोन केला तेव्हा मीटिंगमध्ये बसलेल्या सईच्या पोटात काय झालं असेल, ते मला त्या 'सगळं ठीक ना?'मध्ये वाचता यायला हवं होतं. खळ्यात उभी राहिलेली माझी आजी होती ती.

हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरत. म्हणाले, "मगे मी काय करू? तार करू?"

जूनमध्ये सईने एका रविवारी त्यांना व्हॉइस मेसेज शिकवला. माइकच्या चिन्हावर अंगठा दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचा. आप्पांचा अंगठा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेल्या धाग्यांना गाठी मारलेला. तो काचेवर नीट टेकेना. दोन तास चाललं होतं. मी मध्ये पडले नाही.

गेल्या गुरुवारी मी फोर्टातलं काम उरकून निघाले आणि करी रोडला सई माझ्या डब्यात चढली; आम्ही तसं ठरवलं होतं, अर्थात मेसेजवर. स्लो लोकल, सातची गर्दी, दोघींना दाराजवळच उभं राहायला मिळालं. तिच्या फोनवर आप्पांचा मेसेज आला होता. २६ सेकंदांचा. तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला.

"हॅलो. हॅलो. सई गो, आजोबा बोलतंय."

मग शांतता. ट्रेनचा आवाज येत होता तो आमच्या ट्रेनचा. आप्पा थांबले होते. पलीकडून कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते.

"हो आजोबा, बोला," सई हळूच म्हणाली.

"जेवलंस?"

परत शांतता.

"नाही अजून. घरी जाऊन."

"फणस इलो हा. अर्धो ठेवलंय तुका. येतलंस?"

चिंचपोकळी मागे कधीच गेली होती, परळ येत होतं. समोरची बाई सईकडे बघत होती.

"येते. उद्या लंचमध्ये."

"बरा," आप्पा म्हणाले. "ठेवतंय."